पाठीवर निरगुडीचा फोक

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, नमस्कार. मी चाकणजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. वय ५४. एकाच लाइनवर २६ वर्षं काढली. दीड वर्षापूर्वी आमच्यावर एक मॅडम मॅनेजर म्हणून आल्या, वय ३६. ती जागा मला मिळणार असं सगळेच धरून चालले होते, मीही. मी कॅन्टीनमध्ये चारचौघांत बोललो, 'यांनी जन्मात एक नट आवळलेला नाही, नुसत्या बोलण्यावर वर चढल्या.' सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांचं बोलणं तोडायचो. त्या कधी उलटून बोलल्या नाहीत. जेवायची वेळसुद्धा बदलली, मी असेन तेव्हा कॅन्टीनला यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, घाबरल्या.

मार्चमध्ये दुसऱ्या स्टेशनवरचा, जॉब म्हणजे घडवायचा भाग घट्ट धरणारा क्लॅम्प ढिला पडतोय हे मला दिसलं होतं. मी सांगितलं नाही. ३४० जॉब रिजेक्ट झाले. प्लांट हेडसमोर त्या एवढंच म्हणाल्या, 'लाइन माझी, जबाबदारी माझी.' नंतर क्वालिटीतल्या एकाकडून कळलं, मला दुसऱ्या प्लांटला टाकायचं घाटत होतं. 'त्यांच्यासारखा हात इथे दुसरा नाही, त्यांना हलवू नका' असं सांगून मॅडमनीच ते थांबवलं. तेव्हापासून रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

नवीन मशीन बसवायला चीनहून एक इंजिनियर आले होते, महिनाभर आमच्यातच होते. निघताना त्यांनी चार अक्षरं कागदावर लिहून माझ्या हातात दिली. दुभाष्या मुलगा म्हणाला, 'पाठीवर काटे घेऊन माफी मागणे.' हे काय आहे? कुठून आलं? आणि मी नेमकं काय करू?"

दादा, नमस्कार.

तुम्ही त्या कागदाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. चारही अक्षरं स्वच्छ आहेत. उच्चार साधारण असा: फू जिंग छिंग त्स्वेइ. चिनी भाषेत अशा बहुतेक चार-चार अक्षरांच्या ठरलेल्या बोलांना 'छंग-यू' म्हणतात, आणि त्यांतल्या कितीतरींच्या पोटात एक अख्खी गोष्ट असते. आपण 'ध'चा 'मा' म्हणतो तेव्हा शनिवारवाडा, नारायणराव, सगळं न सांगता समोर येतं, तसंच. त्या इंजिनियरनं तुम्हाला म्हण दिली नाही, एक गोष्ट दिली. ती शाळेत न शिकलेला माणूस चीनमध्ये सापडणं कठीण. महिनाभर तुम्हा दोघांना एका लाइनवर बघून त्यांना नेमकी हीच आठवली, म्हणजे माणूस बारकाईनं बघणारा असला पाहिजे.

आधी शब्द. 'फू' म्हणजे पाठीवर वाहणं. 'छिंग' म्हणजे विनंती करणं, मागणं. 'त्स्वेइ' म्हणजे अपराध, आणि त्या अपराधाची सजाही. म्हणजे शेवटच्या दोन अक्षरांत माफी मागितलेलीच नाही, शिक्षा मागितली आहे. हे जरा मनात धरून ठेवा, पुढे लागेल.

राहिलं 'जिंग'. दुभाष्या मुलानं त्याचं 'काटे' केलं. त्याचा दोष नाही, इंग्रजीतही बऱ्याच ठिकाणी तसंच केलेलं आढळतं. चिनीत 'जिंग-जी' असा जोडशब्द आहे, त्याचा अर्थ काटेरी झाडोरा. पण त्यातला काटा दुसऱ्या अक्षराचा. 'जी' म्हणजे रानबोरीच्या जातीचं काटेरी झुडूप. नुसत्या 'जिंग'ला काटा नसतो. उत्तर चीनच्या डोंगरउतारांवर ते माजतं, त्याच्या फोकांच्या टोपल्या विणतात. आणि ते झुडूप, दादा, तुमच्या-माझ्या ओळखीचं आहे. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव व्हायटेक्स निगुंडो. आपली निरगुडी! तिकडे तिची थोडी वेगळ्या पानांची बहीण वाढते, एवढाच फरक.

माझी आजी गुडघे धरले की निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायची. त्या कडवट, औषधी वासानं अख्खी ओसरी भरून जायची. पण त्याच झुडपाचा सरळ, लवचीक, बोटाएवढा फोक मास्तरांच्या टेबलावरही असायचा, आणि तो पोटरीवर बसला की लाल वळ उठायचा. तुमच्या पिढीतल्या कितीजणांनी तो खाल्लाय हे तुम्हीच मला सांगाल. जुन्या चीनमध्येही 'जिंग'चं काम हेच होतं. ज्या इतिहासग्रंथात ही गोष्ट आहे, त्यावर थांग राजघराण्याच्या काळातल्या एका टीकाकारानं 'जिंग'पाशी थांबून साधी टीप दिली आहे: याचा चाबूक करता येतो.

म्हणजे तुमच्या कागदावर लिहिलंय ते असं: पाठीवर निरगुडीचा फोक घेऊन जाणं आणि शिक्षा मागणं.

काटे आणि फोक यांत मला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. पाठीवर काटे घेऊन येणारा माणूस म्हणतो, बघा, मला किती टोचतंय. त्याचं दुःख पुढे, तुमचं मागे. फोक घेऊन येणाऱ्याला अजून काहीच लागलेलं नाही. तो मारायची वस्तू समोरच्याच्या हाताशी आणून ठेवतो. मारायचं की नाही, किती, कधी, हे ठरवणं आता समोरच्याकडे. तुमची झोप उडालीय याचं मला खरंच वाईट वाटतं, पण ते तुमचे काटे आहेत. मॅडमकडे जाताना ते घरी ठेवून जा.

आता गोष्ट. ती सांगितली आहे सिमा छ्येन यांनी, चीनचे आद्य इतिहासकार म्हणावेत असे ते. इसवी सनापूर्वी ९०च्या सुमारास त्यांचा ग्रंथ पुरा झाला. गोष्ट त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीची. तेव्हा चीन एक नव्हता, सात मोठी राज्यं एकमेकांवर टपून होती. पश्चिमेचं छिन सगळ्यांत बलाढ्य. त्याच्या तोंडाशी झाओ नावाचं राज्य, राजधानी हानदान. हे शहर आजही त्याच नावानं हबेई प्रांतात आहे. आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली वारले ते याच प्रांतात.

झाओचा सेनापती ल्येन फो. शहरं जिंकलेला, मैदानं मारलेला, शेजारच्या राज्यांत नाव घेतलं की लोक दचकावेत असा. आणि दुसरा लिन श्यांगरू, दरबारातल्या एका खोजा अधिकाऱ्याच्या पदरी असलेला माणूस. ना घराणं, ना तलवार.

इसवी सनापूर्वी २८३ मध्ये छिनच्या राजानं झाओकडचं एक अमोल जेड, म्हणजे मौल्यवान दगड, मागितलं, बदल्यात पंधरा शहरं देतो म्हणाला. शहरं मिळणार नाहीत हे सगळ्यांना कळत होतं, पण नाही म्हणायची छाती नव्हती. लिन ते घेऊन गेला. राजा जेड हातात घेऊन राणीवशाला दाखवत बसला, शहरांचं नाव काढेना. लिन म्हणाला, यात एक बारीक दोष आहे, दाखवतो. जेड हातात परत आलं तसा तो खांबाला पाठ लावून उभा राहिला आणि म्हणाला, जबरदस्ती केलीत तर माझं डोकं आणि हे जेड, दोन्ही या खांबावर फोडीन. राजा नमला. पाच दिवसांच्या उपासाची अट घालून लिननं वेळ काढला आणि तेवढ्यात जेड गुपचूप घरी धाडलं.

चार वर्षांनी म्येनछ या ठिकाणी दोन राजे भेटले. मेजवानीत छिनच्या राजानं झाओच्या राजाला तंतुवाद्य वाजवायला लावलं आणि त्याच्या लेखनिकानं पुढे होऊन लगेच लिहून घेतलं, की आमच्या हुकमावरून झाओचा राजा वाजवता झाला. लिन उठला, मातीचं एक भांडं घेऊन छिनच्या राजापुढे गुडघे टेकून बसला. तुमच्याकडे यावर ताल धरतात म्हणे, तुम्हीही धरा. राजा ऐकेना. लिन म्हणाला, आपल्यात पाच पावलांचं अंतर आहे, माझ्या मानेचं रक्त तुमच्या अंगावर उडेल. राजानं नाइलाजानं भांड्यावर एकदा टिचकी मारली, आणि झाओच्या लेखनिकानं तेही लिहून घेतलं.

परतल्यावर लिनला दरबारात ल्येन फोच्याही वरची जागा मिळाली. सेनापती भडकला. मी रणात देह झिजवला, आणि हा नुसतं तोंड चालवून माझ्या वर? शिवाय हलक्या कुळातला. भेटू दे, भर रस्त्यात पाणउतारा करतो. हे तो खाजगीत कुरकुरला नाही, उघड जाहीर केलं. तुमचं कॅन्टीनमधलं वाक्य मी परत वाचलं. तेवीसशे वर्षांत शब्द फारसे बदललेले नाहीत.

एक गोष्ट मात्र सेनापतीच्या बाजूनं सांगायलाच हवी. म्येनछला जाताना राजाला हद्दीपर्यंत पोचवायला ल्येन फोच गेला होता. तीस दिवसांत परतला नाहीत तर युवराजाला गादीवर बसवतो, म्हणजे तुम्हाला ओलीस धरून छिनला काही साधता येणार नाही, असं सांगून त्यानं राजाची परवानगी घेतली होती. मागे त्याचं सैन्य सज्ज होतं म्हणून मेजवानीत लिनचं धाडस चाललं. त्याच्या वाट्याचं श्रेय खोटं नव्हतं. तुमची २६ वर्षंही खोटी नाहीत, दादा. ती जागा हुकल्याचं दुःख झालं यात तुमचं काही चुकलं नाही. चुकलं ते त्यानंतरचं.

आता ज्यासाठी ही गोष्ट टिकली तो भाग. लिन सेनापतीला टाळू लागला. दरबाराच्या दिवशी आजारी आहे म्हणून कळवायचा. एकदा रस्त्यात लांबून ल्येन फो येताना दिसला तर लिननं गाडी वळवून घेतली. हानदानमध्ये आजही एका अरुंद बोळाला 'गाडी वळवल्याची गल्ली' म्हणतात. लिनच्या पदरच्या माणसांना शरम वाटली. ते म्हणाले, तुम्ही मोठ्या मनाचे म्हणून आम्ही आलो, आणि तुम्ही तर सामान्य माणसालाही लाज वाटावी इतके घाबरता. आम्ही जातो. लिननं विचारलं, ल्येन फो मोठा की छिनचा राजा? अर्थात राजा. त्या राजाला त्याच्या दरबारात मी दटावलं, तो मी या सेनापतीला भिईन? छिन आपल्यावर चालून येत नाही ते आम्ही दोघं आहोत म्हणून. दोन वाघ झुंजले तर एक तरी जातोच. मी टाळतो, कारण राज्याची निकड आधी, माझं वैर मागून.

तुमच्या मॅडमनी जेवायची वेळ बदलली ती का, हे मी त्यांच्या वतीनं सांगू शकत नाही. पण लाइन चालू राहावी, तुमच्यासारखा हात टिकावा, हे त्यांनी वरच्यांना बोलून दाखवलंय. घाबरलेला माणूस असं बोलत नाही.

लिनचं बोलणं सेनापतीच्या कानावर गेलं. मग त्यानं काय केलं ते सिमा छ्येन एका वाक्यात संपवतात, आणि त्यातला शब्दन् शब्द बघण्यासारखा आहे. अंगरखा उतरवून खांदा उघडा केला. पाठीवर फोक घेतला. एका पाहुण्याच्या मध्यस्थीनं लिनच्या दारी गेला. आणि म्हणाला, मी हलका माणूस, तुमचं मन इतकं मोठं आहे हे मला ठाऊक नव्हतं. बस्स. जिंकलेल्या शहरांचा उल्लेख नाही, युवराजाचा नाही, माझंही चुकलं पण तुम्हीही, असलं काही नाही.

आपल्याकडे 'दाती तृण धरणं' आहे. पण ते हरलेल्यानं करायचं, जीव वाचवायला. ल्येन फो हरला नव्हता. त्याचं पद, सैन्य, नाव सगळं जागेवर होतं. तो गेला नसता तर कुणी त्याला न्यायला येणार नव्हतं. तसंच तुमचंही आहे. क्लॅम्पचं तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण या म्हणीत एक धोकाही आहे. लियांगशानच्या बंडखोरांची चिनी कादंबरी आहे, 'श्वेहू च्वान'. तिच्यात ली क्वेइ नावाचा आडदांड गडी आपल्या सरदारावर मुलगी पळवल्याचा खोटा आळ घेतो. आळ खोटा ठरतो, पैजेत डोकं द्यायची वेळ येते. त्याचा मित्र सुचवतो: फोक पाठीला बांध आणि सरदारापुढे पालथा पड. म्हण, हवे तेवढे मारा. त्याच्यानं मारवणार नाही. ली क्वेइला ही तोड ओशाळवाणी वाटते, यापेक्षा डोकं कापून दिलेलं बरं, म्हणतो. मला तो फार आवडतो तो या एका वाक्यासाठी. समोरच्याला मारवणारच नाही हे जोखून फोक नेला, तर ती समोरच्यावरची जबरदस्ती झाली.

म्हणून काय करू नका, ते आधी. मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत पाया पडू नका. तुम्ही वयानं वडील, त्या तरुण बाई, भोवती बघणारे पंधरा जण. अशा वेळी त्यांना 'अहो असू द्या' म्हणण्यावाचून दुसरं काही उरणार नाही, आणि तुमचा फोक शोभेचा होईल. हार, पेढे, शाल नको. व्हॉट्सअॅपवर हात जोडलेली चित्रं तर नकोच. बायको सांगते म्हणून, झोप येत नाही म्हणून, निवृत्ती जवळ आली म्हणून, असलं काहीही बोलू नका.

ल्येन फो थेट दार ढकलून आत घुसला नाही, पाहुण्याच्या हस्ते निरोप देऊन गेला, हे ध्यानात ठेवा. मॅडमना निरोप पाठवा: 'दहा मिनिटं बोलायचं आहे, तुमच्या सोयीनं सांगा.' त्या आठ दिवस थांबवतील तर थांबा. त्यांच्या केबिनमध्ये, दार उघडं ठेवून, बोला. आणि सुरुवात कॅन्टीनपासून नको, क्लॅम्पपासून करा. असं: "मार्चमध्ये क्लॅम्प ढिला आहे हे मला दिसलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. ३४० जॉब माझ्यामुळे गेले आणि बोलणी तुम्ही खाल्लीत. हे मी क्वालिटीच्या रिपोर्टवर लेखी द्यायला तयार आहे. वर कळवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, जे ठरवाल त्याला माझी ना नाही."

हा तुमचा निरगुडीचा फोक. 'लेखी देतो' म्हणताना घसा कोरडा पडेल. बदली होऊ शकते, पगारवाढ अडू शकते, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. त्यांनी तो फोक उचलला तरी त्यात अन्याय काही नाही, आणि तुम्ही तेव्हा 'मी तर माफी मागितली होती' असं म्हणायचं नाही. मग दुसरं वाक्य: "तुमच्याबद्दल मी कॅन्टीनमध्ये जे बोललो ते खोटं होतं, आणि जिथे बोललो तिथेच जाऊन मी ते मागे घेणार आहे. तुमची हरकत असेल तर नाही घेणार." एवढं बोलून उठा. उत्तराची वाट बघत खुर्चीत बसून राहू नका, त्यांना विचार करायला वेळ लागू द्या.

कॅन्टीनचं मात्र सोडू नका. तिथे उघड बोललात, तर खोडायचंही तिथेच, त्याच टेबलावर, त्याच माणसांसमोर, त्या नसताना. भाषण नको. ताट पुढ्यात असताना म्हणा, "मॅडमबद्दल मी बोलत होतो ते चुकीचं होतं, रिजेक्शनमध्ये माझी चूक होती आणि ती त्यांनी अंगावर घेतली." कुणी हसेल. हसू द्या.

त्या तुमच्याशी पुढे कशा वागतील ते त्यांच्यावर. त्या लिनसारख्याच वागाव्यात ही अपेक्षा गोष्टीतून उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवू नका. लिननं मात्र पुढे काय केलं ते ऐकायला तुम्हाला आवडेल. दोघं एकमेकांसाठी मान कापून देतील असे मित्र झाले, आणि त्याचीही एक वेगळी चिनी म्हण झाली. इसवी सनापूर्वी २६० मध्ये, छांगपिंगच्या युद्धात, म्हातारा ल्येन फो फार सबुरीनं लढतोय म्हणून राजानं त्याला बाजूला केलं आणि पुस्तकं वाचून युद्ध शिकलेल्या एका तरुणाला नेमलं. तेव्हा लिन अंथरुणाला खिळलेला होता, दुखणं हाताबाहेर गेलेलं. तरी त्यानं राजाला बजावलं: या मुलाला बापाचे ग्रंथ तेवढे वाचता येतात, ऐनवेळी बदलता येत नाही, वाद्याच्या घोड्या डिंकानं चिकटवून वाजवण्यातला हा प्रकार. राजानं ऐकलं नाही. झाओचं सैन्य तिथे संपलं. जागा ल्येन फोची गेली होती, आणि त्याच्या मागे बोलायला, ज्याचा तो कधीकाळी भर रस्त्यात पाणउतारा करणार होता, तोच माणूस उभा राहिला होता.

तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठे आढळली नाही. मार्चनंतर त्या दुसऱ्या स्टेशनचं काय झालं? क्लॅम्प अजून तसाच असेल, तर मॅडमना निरोप पाठवायच्या आधी पाना घेऊन जा आणि तो बदलून घ्या.

तुमची,
ताई